आमचे मुंबयक आसत

जानकीकाकीला काहीही विचारा, तिच्या उत्तराची सुरुवात ठरलेली असे. "काकी, आज बांगडो इलो काय?" "आमचे मुंबयक आसत. ते आसते तर पयलो वाटो आमकाच गावतो." "काकी, पावसाआधी छपराचे नळे परतूक होये." "आमचे मुंबयक आसत. येतले तेवा बघतले." एकदा तिच्या पडवीत फुरसं निघालं. मी घाबरून पाटावर चढले. काकीनं शांतपणे झाडू उलटा धरला आणि त्या फुरशालाही आधी आपला नवरा मुंबईला असल्याचं सांगितलं, मग त्याला अंगणाबाहेर लोटलं.

मी नवी मास्तरीण म्हणून मालवणच्या खाडीपलीकडच्या त्या मासेमारांच्या वाडीत आले, तेव्हा आमचं राज्य मुंबई राज्य होतं आणि मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. कणकवलीहून निघाले तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि नातेवाइकांपैकी कुणी नव्हतं. आईवडील गेलेले, भावाचा संसार त्याच्यापाशी. शाळेच्या शेजारची जानकीकाकीची खोली मला राहायला मिळाली. काकी काळीसावळी, काटक, कासोटा घातलेली, डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालायची तरी मान अशी ताठ की पाटीत मासे नसून देवाची पालखी असावी. तिनं मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "तुजे कोण खंय आसत?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा बदलला. मी पोटदुखी सांगितली असती तरी ती एवढी कळवळली नसती. "असा बोला नये गो बाये. पाठी कोण तरी व्हयो. नायतर माणूस उघड्यार पडता." मग थोडं थांबून म्हणाली, "आता आमी आसव."

त्या दिवसापासून संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर केळीच्या पानात दोन पेडवे, चार सुंगटं, कुठली ना कुठली मासळी ठेवलेली असे. आभार मानले की ती रागवायची. तिचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात होतं: पाठी कोण तरी व्हयो. पाठीशी कुणी नाही असं परक्यासमोर कबूल करणं म्हणजे तिच्या लेखी भर बाजारात पदर सोडून उभं राहणं. वाडीतल्या साऱ्या बायांचं हेच होतं, पण काकी त्यांची पुढारी. ती बोलेल ते वाडीचं बोलणं.

ज्यांच्या जिवावर हा सगळा तोरा होता ते धोंडूकाका वर्षातून एकदा, मे महिन्यात बोटीनं यायचे. गिरणीतल्या साच्यांच्या आवाजानं कान गेलेला, अबोल, लाजरा माणूस. पडवीत बसून जाळं विणायचे आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना आधी काकीकडे पाहायचे. काकी दोघांचं बोलायची. तो महिनाभर मात्र "आमचे मुंबयक आसत" हे वाक्य बंद असल्यामुळे ती जरा अडखळायची.

एका मे महिन्यात काका नवी बातमी घेऊन आले. गिरणीत कामगारांचा विमा सुरू झाला होता. पगारातून थोडं कापून घेतात आणि आजारी पडलं की डॉक्टर, औषध, खाट, सगळं फुकट. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं. काकीनं ते पुढचे चार दिवस सांगितलं. खाडीपलीकडे नेणाऱ्या तरीतून मालवणच्या बाजाराला जाताना सांगितलं, विहिरीवर सांगितलं, मला तर तीनदा सांगितलं.

"काकी, पण तो विमा काकांचा. तुम्हा सगळ्यांचा कसा?" मी विचारलं. मला तरी कुठं नक्की काही ठाऊक होतं? विमा हा शब्दच तेव्हा नवा होता.

काकीला माझ्या शिक्षणाची कीव आली. "अगो, जत्रेक नारळ कोण ठेवता? घरकार. एकच ठेवता मां? पण राखण कोणाची जाता? सगळ्यांची. पाळण्यातल्याची जाता, मुंबयक गेल्ल्याची जाता. घरकाराचो विमो तोच घराचो विमो."

ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. देवळात मानकरी हात जोडून उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलतो: ह्या लेकरांची राखण कर, घरात आसत तेंची कर, परदेशी गेली तेंची कर. प्रत्येक वाक्यामागोमाग जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा." गाऱ्हाण्यात एकाचं बोलणं सगळ्यांचं असतं आणि एका घराचा नारळ साऱ्या घराला पुरतो. "नाय म्हाराजा" म्हणायची त्यात सोयच नाही. जन्मभर हेच पाहिलेल्या बाईला विमासुद्धा असाच असणार असं वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? देव तिच्याशी कधी कलमं आणि पोटकलमं लावून वागला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात सरकारचा माणूस वाडीत आला. देशावरचा, तरुण, चष्मेवाला, भला. तरीतून उतरताना चिखलात पाय गेला म्हणून बूट हातात घेऊन आला, त्यामुळे बायांना तो लगेच आपलासा वाटला. राज्यभर मोजणी चालली होती. कुणाला औषधपाणी मिळतं, कुणाला मिळत नाही, डॉक्टर कुठं आहे, विमा कुणाकडे आहे, हे सगळं सरकारला जाणून घ्यायचं होतं. जिथं उणीव दिसेल तिथं दवाखाना उघडायचा होता. हेतू वाईट नव्हता. वाईट हेतू असता तर निदान शिव्या घालायला कुणीतरी सापडलं असतं.

मी शाळेत शिकवत होते. खिडकीतून मला फक्त काकीचा खणखणीत आवाज आणि त्यामागून येणारा बायांचा एकसुरी "होय" ऐकू येत होता. मला वाटलं, देवळात काहीतरी असेल. काय झालं ते संध्याकाळी काकीनंच फुशारकीनं सांगितलं.

"माका इचारल्यान, घरात कोणाचो विमो आसा? मिया सांगितलंय, आसा तर. आमचे मुंबयक आसत. मगे सगळ्यांका इचारल्यान. सगळ्यांचेच मुंबयक आसत. सगळी म्हणाली होय."

"आणि दुखलंखुपलं तर कुठं जाता, ते विचारलं?"

"इचारल्यान. मिया म्हटलंय, मुंबयत. मोठ्या डाक्टराकडे."

काकी उभ्या जन्मात मुंबईला गेली नव्हती. दुखलंखुपलं की ती ओव्याचा काढा प्यायची, फारच झालं तर अंगारा, आणि त्याहून झालं तर तरीत बसून मालवणच्या सरकारी दवाखान्यात; तेही भरती-ओहोटी आणि तरीवाला तारी या दोघांचा मूड जमला तर. मी तिला म्हटलं, "हे का नाही सांगितलंस?"

"पावण्याक रडगाणा सांगतत काय?" ती म्हणाली. "बिचारो एवढ्या लांबसून इलो. तेका बांगड्याचा तिकला घालून जेवूक वाडलंय. पोटभर जेवलो पोरगो."

तो पोटभर जेवला आणि पोटभर आकडे घेऊन गेला. इतकी निरोगी आणि इतकी सुरक्षित वाडी त्याला राज्यात दुसरीकडे क्वचितच भेटली असेल. काही महिन्यांनी तलाठ्यानं सांगितलं की या भागातला दवाखाना आत, सडकेवरच्या गावाला मंजूर झाला. खाडीकाठच्या वाड्यांना विमा असल्याचं वर गेलंय. ते सडकेवरचं गावही गरीबच, त्यांनी आमच्याकडे काही नाही असं खरं सांगितलं, म्हणून त्यांना मिळालं. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. काकी तर खूशच होती. "तेंका गरज आसा. आमका कित्या? आमचो विमो आसा."

काकीची लेक शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आषाढ लागला होता. गोबऱ्या गालांची, आईसारखीच बडबडी पोर. माझ्या खोलीत येऊन शाळेतल्या मुलांच्या पाट्या स्वतः तपासायची आणि सगळ्यांना पास करायची. एके दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तरी काही होईना. वाडीतली सुईण अनुभवी होती; तिनं बाहेर येऊन सांगितलं, मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं काम नाही, पलीकडे न्या.

पलीकडे म्हणजे खाडीपलीकडे. धक्क्यावर उभं राहिलं की मालवणची घरं दिसत, माडांमधून दवाखान्याचं कौलारू छप्परही दिसे. आम्ही शेवंतीला डोलीत घालून धक्क्यावर आणलं. वरून पावसाचा मारा, खाली नदीला आलेला पूर आणि समुद्राची भरती समोरासमोर भिडलेली. तरीची ये-जा तीन दिवस बंद होती. काकीनं तारीला हाका मारल्या. तो आला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला.

"सोड होडी," काकी म्हणाली. "दवाखान्यात पैशे पडाचे नाय. आमचो विमो आसा."

तारी म्हाताऱ्या बाईशी बोलावं तसं हळू बोलला. "काकी, पैशे कोण मागता? पाणी बग."

तरीही त्यानं होडी सोडली, हे त्याचे उपकार. प्रवाहानं ती फिरवून पुन्हा आमच्याच काठाला, खालच्या अंगाला आणून टाकली. शेवंती काकीच्या मांडीवर होती. तिनं आईला विचारलं, "आये, पोचलंव काय?" काकी म्हणाली, "पोचलंव गो." मी शेजारी होते. शेवंती गेली ती आमच्याच काठावर, आणि तिचं मूल तिच्याबरोबर.

मी हे लिहिताना अजून संतापते, आणि कुणावर संतापायचं ते मला अजून कळलेलं नाही. पाण्यावर? त्या चष्मेवाल्या मुलावर? काकीवर रागवावं असंही मला तेव्हा एकदा वाटलं होतं, हेही सांगून टाकते. पण तिच्या मांडीवरचं ते ओझं पाहिल्यावर रागाला जागाच उरली नाही.

धोंडूकाका मिळेल त्या वाटेनं आले, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून खारेपाटणवरून सडकेनं, चिखलानं माखलेले. काकीनं त्यांना पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला. "तुमचो विमो खंय होतो?"

काकांना नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग त्या अबोल माणसानं खाली मान घालून सांगितलं, की विमा त्यांच्या एकट्याचा आहे, तिथल्या दवाखान्यातला आहे, आणि गिरणीत कामाला उभे आहेत तोवरचाच आहे. गावच्या माणसांचं त्यात काही नाही. "माका वाटला तुका म्हायत आसा," ते म्हणाले. त्या दिवसानंतर "आमचे मुंबयक आसत" हे वाक्य मी काकीच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं ती आता नुसतंच उत्तर द्यायची, आणि ते ऐकायला मला फार परकं वाटायचं.

दिवाळीनंतर ती मला म्हणाली, "माका रत्नागिरीक व्हर. सांगितलेला परत घेवचा आसा." आम्ही दोघी एसटीनं गेलो. वाटेत तिनं माझ्याकडून पुस्तकी मराठी घोटून घेतली, कारण कचेरीत मालवणी बोललं तर साहेब हसतात असं तिनं ऐकलं होतं. "आम्हाला विमा नाही. आम्हाला दवाखाना पाहिजे." घाटाच्या वळणावळणाला ती हे पुटपुटत होती.

कचेरीत नेमका तोच चष्मेवाला भेटला. त्यानं काकीला ओळखलं, खुर्ची दिली, तिकल्याची आठवण काढली. काकीनं उभ्यानंच आपली दोन वाक्यं म्हटली. तो गोंधळला. "काकी, पण तेव्हा तुम्हीच होय म्हणालात. सगळ्याच म्हणाल्या."

पुस्तकी मराठी संपली होती. "तू पावणो होतंस रे," काकी म्हणाली. "पावण्याक नाय कसा म्हणाचा? आणि माजा चेडू गेला ता लिव तुज्या कागदार."

शेवंतीचं ऐकून त्याचे डोळे भरून आले. तो खरंच भला होता. पण त्याच्या रकान्यांत मेलेल्या पोरीला जागा नव्हती. आकडे वर गेले होते, त्यांवरून ठरवायचं ते ठरून गेलं होतं. पुढच्या मोजणीच्या वेळी नीट सांगा, असं तो म्हणाला. परतताना काकी खिडकीबाहेर बघत होती. "देव बरो," ती मला म्हणाली. "गाऱ्हाणा चुकला तर पुढच्या वर्साक नारळ बदलूक तरी गावता."

पुढची मोजणी यायला बरीच वर्षं गेली. राज्याचं नाव बदललं. मी त्याच शाळेत राहिले, बदलीची कागदपत्रं आली की काकी म्हणायची, "जातंस तर जा, पण तुज्या पाठी थंय कोण आसा?" आणि मी बदली रद्द करून घ्यायची. धोंडूकाका छातीत कापूस साठल्यासारखे खोकत गावी परतले. गिरणी सुटली तसा विमाही सुटला. ज्या खोकल्यासाठी तो हवा होता तो खोकला तेवढा घरी आला. "विमो थंयच रवलो," काकी म्हणाली, आणि काका गेल्यावर त्यांच्या जाळ्याची सुई तिनं तुळशीत पुरली. काकीचा मुलगा बापाच्याच गिरणीत चिकटला. त्याची बायको सुलोचना, पिंगुळीकडची, गोरीपान, घाबरट, काकीच्या शब्दाबाहेर नसलेली.

मोजणीवाले येणार असं कळलं तेव्हा काकीला अंथरूण धरून महिना झाला होता. पायांवर सूज, दोन वाक्यांमागे धाप. तरी तिनं वाडीतल्या एकूणएक बायांना पडवीत बोलावून घेतलं. "होय म्हणान माजा चेडू गेला," ती म्हणाली. "आता नाय म्हणाक शिका. इचारल्यान विमो आसा? नाय. डाक्टर आसा? नाय. पाठी कोण आसा? कोण नाय. म्हणून दाखवा." बाया माना खाली घालून म्हणाल्या, "होय काकी."

माणूस आला तेव्हा मी मुद्दाम शाळा सोडून पडवीत बसले होते. हाही तरुणच, हातात बॉलपेन. अंगणात साऱ्या बाया जमल्या. पहिलं घर काकीचं, म्हणून त्यानं पहिल्यांदा सुलोचनेला विचारलं, "घरात कुणाला विमा आहे?"

सुलोचनेनं सासूकडे पाहिलं. मग अंगणात उभ्या बायांकडे पाहिलं, सगळ्या आपापल्या नवऱ्यांच्या भरवशावर कुंकू लावून उभ्या. त्या सगळ्यांसमोर, परक्या पुरुषाला, आपल्या पाठीशी कुणी नाही असं सांगायचं होतं. तिनं पदर ओढला. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "आमचे मुंबयक आसत. गिरणीत."

आणि मागून बाया म्हणाल्या, "होय."

काकी हाताच्या कोपरावर उठली. "माजा येगळा लिव, रे पोरा. माज्या पाठी कोण नाय. माका विमो नाय."

तो अदबीनं जवळ आला. "आजी, तुम्ही याच घरातल्या ना? चूल एकच?"

"चूल एकच."

"मग झालं. घर एक, नोंद एक." त्यानं लिहिलं आणि तो पुढच्या घराकडे वळला.

मी त्याच्यामागे गेले. मास्तरीणबाईंच्या आवाजात, अस्सल पुस्तकी मराठीत त्याला सगळं समजावलं: विमा कुणाचा, कुठला, खाडी कसली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. घरातल्या माणसांनी दिलेलंच उत्तर घ्यायचं, शेजाऱ्यांचं नाही, असा नियम होता. मी तर साधी भाडेकरू. मी परत आले तेव्हा सुलोचना सासूच्या पायाशी बसून रडत होती. मी तिच्यावर तोंड सोडणार होते. काकीनं हात वर केला.

"तिका काय बोलू नुको बाये. मियाच नाय काय शिकयलंय? पाठी कोण तरी व्हयो."

त्याच पावसाळ्यात काकीची धाप वाढली. पलीकडे नेऊ या म्हणून मी तारीला निरोप धाडला, तर तिनं माझा हात धरला. "त्या धक्क्यार माका नेव नुको. थंय शेवंती आसा." ती आपल्या पडवीतच गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जाण्याआधी ती अडखळत गाऱ्हाणं घालत होती: घरच्यांची राखण कर, मुंबयक आसत तेंची कर, ह्या मास्तरणीची कर. ती दर वाक्याला थांबायची. सुलोचनेला रडण्यातून बोलता येत नव्हतं. तेव्हा मी, कणकवलीची शिकलेली बाई, "होय म्हाराजा" म्हणत राहिले. स्वतःसाठी तिनं काहीच मागितलं नाही.

आता मी निवृत्त झाले आहे. त्या काठावर आजही दवाखाना नाही. राज्यभरच्या त्या मोजणीत आमची वाडी कुठंतरी असेलच, आणि तिच्यात पहिलं घर जानकीकाकीचं असेल. ती गेली तेव्हा तिच्या घराला विमा होता. तशी नोंद आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही, कारण मुलगा खरोखरच मुंबईला होता.